चालायचं की उचलायचं

प्रिय ग्लेनिस,

फोनच करणार होते. दोनदा तुझा नंबर लावलाही, पण तू उचलायच्या आत ठेवून दिला. मी बोलायला लागले की तू मध्ये बोलशील, मग मी रडेन नाहीतर ओरडेन, आणि मला आज यातलं काहीच करायचं नाही. म्हणून लिहायला बसले. तिकडे उत्तरेत, डार्विनच्या उकाड्यात, तू लेकीच्या घरी बिनबाह्यांचे कपडे घालून नातवाला खेळवत असशील. इथे दक्षिणेचा थंडगार वारा आठवडाभर थांबलेला नाही, जेट्टीवर माणूस दिसत नाही. नेव्हिल खिडकीपाशी खुर्चीत झोपला आहे. दुपारचं ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं आहे. मी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून त्याच्याकडे बघते आहे आणि हा माणूस मी ओळखते का, असा प्रश्न मला पडला आहे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर.

आधी बातमी सांगते. गेल्या आठवड्यात गुरुवारी नेव्हिल पडला, आणि मी त्याला उचललं. एकटीने. शेजारच्या कुणाला हाक मारली नाही, अँब्युलन्सला फोन केला नाही.

फेब्रुवारीतलं त्याचं पडणं तू विसरली नसशीलच. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, न्हाणीघराच्या फरशीवर तो उताणा, आपण दोघी त्याच्या काखेत हात घालून ओढतोय आणि तो तसूभर हलत नाही. अँब्युलन्सची स्वयंसेवक मंडळी पलीकडच्या गावाहून येईपर्यंत तो तिथेच पडून होता. तू त्याच्या डोक्याखाली टॉवेल सरकवलास. तशातही त्याला थट्टा सुचली. म्हणाला, ‘मी जन्मभर कालवांनी भरलेल्या ओल्या टोपल्या एकट्याने होडीत ओढल्या, आणि तुम्हा दोघींना मिळून एक म्हातारा उचलवत नाही.’ आपण हसलो. मी हसत होते आणि त्याच्या ओठांना पडलेली कोरड बघत होते. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे मी त्या फरशीवर बसूनच ठरवलं होतं, तुला नंतर सांगितलं इतकंच.

पण माझ्यापाशी वेळ होता कुठे? शेरिल मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर त्याच्यापाशी बसायला येते, तेवढा एक तास माझा. बाकी सगळे तास त्याच्या गोळ्यांचे, जेवणाचे, अंघोळीचे, कूस बदलून द्यायचे. आणि तो एक तास तुझा होता, ग्लेनिस. जेट्टीपासून होड्या उतरवायच्या उतारापर्यंत आणि परत, भराभर, धाप लागेपर्यंत, तोंडाचा पट्टा चालूच. माझ्या रक्तदाबाला डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तेच होतं, आणि खरं सांगायचं तर डोकं ठिकाणावर ठेवायचं औषधही तेच. त्या तासात मी कुणाची काळजी घेत नव्हते. तू तुझ्या सुनेला नावं ठेवायचीस, मी चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला, आणि पेलिकन आपल्याकडे तुच्छतेने बघायचे.

फुटबॉल क्लबच्या मागच्या शेडमध्ये टॅम्सिनने व्यायामाची वजनं मांडली आहेत हे मला मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या पोरांकडून कळलं. मी नुसतं बघायला गेले. टॅम्सिन म्हणजे कोण ते तुला ठाऊक आहे, मी शाळेची बस चालवायचे तेव्हा माझ्या मागच्या सीटवर बसून कायम काहीतरी खाणारी ती गोलमटोल पोरगी. आता तिचे खांदे दारात मावत नाहीत. मी माझी अडचण सांगितली. ती हसली नाही, ‘या वयात कशाला’ म्हणाली नाही. तिने विचारलं, ‘तुमच्या नवऱ्याचं वजन किती?’ मी सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली, ‘मग लोखंडी बारवर तेवढं वजन चढवायचं. एका दिवसात नाही. पण चढवायचं.’

मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, दोन्ही करा, चालणंही आणि वजनंही. मी म्हटलं, डॉक्टर, तास एकच आहे. त्यांनी माझ्या दंडाला लावलेलं यंत्र पुन्हा फुगवलं, आकडा बघितला आणि म्हणाले, ‘कोरल, एकच करायचं असेल तर चाला. तुमच्या हृदयाला त्याची जास्त गरज आहे.’ नेव्हिल शेजारच्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं, तो भिंतीवरचं दातांचं चित्र बघतोय. मी आधी अर्धाअर्धा तास करून बघितला. धापा टाकत शेडपर्यंत जायचं, बारला हात लावेपर्यंत परत निघायची वेळ. धड चालणं नाही, धड उचलणं नाही. चालण्याने मी बरी राहणार होते. वजनांनी तो फरशीवर पडून राहणार नव्हता. असं समोर मांडल्यावर मला निवडायला फारसा वेळ लागला नाही.

तुला जेट्टीवर सांगितलं तेव्हा तू ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघितलंस, ते मला समजलंच नाही. मला वाटलं होतं, तू हसशील, मला पैलवान म्हणशील. तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, ‘नको करूस, कोरल. किती दिवस त्याला उचलत बसणार आहेस?’ मी म्हटलं, जितके दिवस लागेल तितके. मग तू रडायला लागलीस. रस्त्यात, त्या मासे धरायला आलेल्या अनोळखी लोकांसमोर. मी घरी येऊन नेव्हिलला सांगितलं की सोबत तुटली म्हणून ग्लेनिस माझ्यावर रुसली. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर तू एकटीच चालत राहिलीस, मला शेडच्या दारातून तुझी लाल टोपी जाताना दिसायची, आणि मेमध्ये तू डार्विनला निघून गेलीस. निरोप घेताना आपण हवापाण्याचं बोललो.

हा हिवाळा मी त्या शेडमध्ये काढला. आधी नुसता बार, तोही जड. टॅम्सिन मागे उभी राहून ओरडायची, ‘पाठीने नको, मांड्यांनी. जमीन खाली ढकला, बार आपोआप वर येईल.’ मेंढ्या कातरणारी पोरं बाजूला उभी राहून बघायची, आणि मी उचललं की मान हलवायची, जणू मी त्यांच्यातलीच. घरी आले की मी नेव्हिलपुढे बाही वर करायची. तो कंपवाताने थरथरणाऱ्या बोटांनी दंड दाबून बघायचा, ‘बाप रे’ म्हणायचा आणि माझी बाही खाली ओढायचा. मला वाटायचं, त्याला अभिमान वाटतोय. त्याच हिवाळ्यात पोस्टाच्या पायऱ्या चढताना मला कठड्याला धरून थांबावं लागायला लागलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी म्हटलं, वय झालं. नेव्हिल तेव्हाही शेजारच्याच खुर्चीत होता.

आता गुरुवार. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, वाऱ्याने चादर तोंडावर येत होती. त्याची हाक ऐकू आली. तुला माहीत आहे, त्याचा आवाज आता इतका बारीक झाला आहे की टीव्ही बंद केल्याशिवाय कळत नाही, पण ही हाक मोठी होती. मी धावत आत गेले. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो जमिनीवर बसला होता, पाठ पलंगाला टेकलेली. कुठे खरचटलं नव्हतं. चष्मा घडी करून पलंगाशेजारच्या टेबलावर होता. सपाता एकीला एक लावून ठेवलेल्या. हे सगळं मला तेव्हाच दिसलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

मी त्याला म्हटलं, हलू नकोस. खुर्ची आणून मागे लावली. त्याला गुडघ्यांवर घेतलं, मागून काखेखाली हात घातले, पाय रोवले आणि टॅम्सिनने शिकवलं तशी जमीन खाली ढकलली. तो वर आला, ग्लेनिस. अलगद. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि मला इतका आनंद झाला की मी त्याचं डोकं पोटाशी धरून उभीच राहिले. तो रडत होता. मी म्हटलं, ‘वेडा आहेस का, रडतोस काय, उचललं ना तुला?’ तो आणखीच रडला. मी टॅम्सिनला फोन केला, ती म्हणाली, ‘थांबा, मी आत्ता सगळ्या शेडला सांगते,’ आणि फोनमधून मला टाळ्या ऐकू आल्या. संध्याकाळी मी त्याच्या आवडीचा मासा तळला. त्याने दोन घास खाल्ले. मीच मग त्याच्या ताटातलंही संपवलं, इतकी मी खुशीत होते.

या सोमवारी सकाळी घरच्या फोनवर फोन आला. हसऱ्या आवाजाची एक बाई. लिंकन शहरात टेकडीवर आहे त्या वृद्धाश्रमातून बोलतेय म्हणाली. नेव्हिल यांच्या मोबाइलवर बुधवारी निरोप दिला होता, ते कळवतो म्हणाले होते, अजून काही कळलं नाही, म्हणून घरी फोन केला. त्यांची खोली रिकामी झाली आहे, समुद्राच्या बाजूची, हवी तशीच. मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय, आम्ही कुठे नाव घातलेलं नाही. ती म्हणाली, ‘नाही हो, मार्चमध्ये ते स्वतः येऊन बघून गेले की. बरोबर त्यांच्या एक मैत्रीण होत्या, लाल टोपीवाल्या. आम्हाला फार हसवलं त्यांनी.’

मी फोन ठेवला का, काही बोलले का, मला आठवत नाही. ओट्यावरची किटली उकळून उकळून बंद पडल्याचा आवाज मात्र आठवतो. मार्चमध्ये तू त्याला लिंकनला घेऊन गेली होतीस, केस कापायला, कारण आपल्या गावातला न्हावी दुकान बंद करून गेला. मी तुला जाताना सँडविच बांधून दिले होते. परत आल्यावर त्याचे केस खरंच कापलेले होते. मी म्हटलंही, छान कापले, आणि तू गाडीतून न उतरताच गेलीस.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. काही विचारावं लागलं नाही, त्याने माझा चेहरा बघितला. म्हणाला, ‘टीव्ही बंद कर.’ मग हळूहळू, थांबत थांबत, त्याने सगळं सांगितलं. फेब्रुवारीत फरशीवर पडल्या पडल्याच त्याने ठरवलं होतं. वृद्धाश्रमात नाव घालण्याआधी पाहणीला येणारी सरकारी बाई असते ना, तिला त्याने मुद्दाम शुक्रवारी बोलावलं, मी बाहेर असताना. मला न सांगण्याचं तुझ्याकडून वचन घेतलं. त्याचा हिशेब साधा होता. आणखी एकदोनदा तो पडेल, मला उचलता येणार नाही, मग एक दिवस मीच थकून म्हणेन की आता नाही जमत. आणि मग तो म्हणेल, ठीक आहे. म्हणजे त्याने मला सोडलं असं होणार नाही आणि मी त्याला घालवलं असंही होणार नाही. ‘तुला मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?’ त्याने विचारलं. ‘आणि तू त्या बारच्या नादाला लागलीस,’ तो म्हणाला. ‘दर मंगळवारी, दर शुक्रवारी तू जास्तच दणकट होऊन यायचीस. मला हसावं की रडावं कळेना.’

मग त्याने ते सांगितलं. गुरुवारी तो पडला नव्हता. बुधवारी खोली रिकामी झाल्याचं कळलं, गुरुवारी मी कपडे घेऊन अंगणात गेले, आणि त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, सपाता काढल्या आणि पलंगाच्या कडेवरून स्वतःला खाली सरकवलं. मग मला हाक मारली. मला जमणार नाही, मी दमेन, बसून रडेन, आणि तेव्हा तो खोलीचं बोलेल, असं त्याने ठरवलं होतं. ‘आणि तू मला पिशवी उचलावी तसं उचललंस,’ तो म्हणाला.

मी काय केलं सांगू? मी दार उघडून निघून गेले. शेरिल नव्हती, कुणी नव्हतं, सोमवार होता. तो आजारी पडल्यापासून मी त्याला घरात एकटा सोडून कधी गेले नव्हते. मी आपल्या वाटेने चालत सुटले, जेट्टीवरून, वाऱ्याच्या तोंडावर, अंगात घरातलाच झगा. मनात त्याला बोलत होते, तुला बोलत होते. उतारापाशी पोचले तेव्हा छातीत कोंडल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर दर कुंपणाला धरून थांबावं लागलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, कोरल, तुझं इंजिन गेलं. घराच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि पायांत जीव राहिला नाही. मी खालच्याच पायरीवर बसले. श्वास आत जाईना. मान वर केली तर खिडकीत नेव्हिल. खुर्चीत पुढे वाकलेला, कपाळ काचेला टेकलेलं, आणि तो बोटांनी काच वाजवत होता. काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. त्याने खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला, पुन्हा केला. आमच्यामध्ये चार हातांचं अंतर होतं, आणि तो माझ्यापर्यंत येऊ शकत नव्हता.

खूप वेळाने मी आत गेले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो रागावला नाही. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, ‘मी पडलो तर तू उचलशील, कोरल. मरेपर्यंत उचलशील, मला ठाऊक आहे. तू पडलीस तर मी काय करू? काच वाजवू?’ माझ्या चालण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याने मला शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. हिवाळाभर तो ते पाठ करत बसला होता.

ग्लेनिस, मी अजून सुन्न आहे. रागही आला आहे, त्याचा आणि तुझा, कुणाचा जास्त ते सांगता येत नाही. माझ्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट तुम्ही दोघांनी ठरवली आणि मी मात्र गुडघ्यांना पट्ट्या बांधून जमीन ढकलत होते. रात्री त्याला कुशीवर वळवताना माझे हात कसे सहज चालतात हे मला जाणवतं, आणि मग हे हात आता कशासाठी, असं वाटतं. काल डॉक्टरांनी तपासलं, छातीचा ईसीजी काढला, आणखी तपासण्यांसाठी ॲडलेडला पाठवणार आहेत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मी लिंकनला फोन केला आणि त्या हसऱ्या बाईला हो म्हटलं. नेव्हिलला सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि ‘समुद्राच्या बाजूची ना?’ एवढंच विचारलं. त्यालाही भीती वाटते आहे. ते मला त्या प्रश्नातून कळलं.

खोली ते महिनाअखेरपर्यंत ठेवणार आहेत. शेवटच्या सोमवारी त्याला न्यायचं आहे. टॅम्सिन तिची गाडी घेऊन येते म्हणाली, शेरिलही म्हणाली, पण मी दोघींना नको म्हटलं. पत्र लिहायला बसले ते याचसाठी, बाकी सगळं वाटेत लिहिलं गेलं. तू ये. नातवाला त्याच्या आईकडे दे आणि विमानात बस. मी तुला माफ केलं आहे असं समजू नकोस, त्याला वेळ लागेल आणि तेवढा वेळ तू समोर असलेली बरी. मार्चमध्ये तू त्याला मला खोटं सांगून घेऊन गेलीस. या वेळेस गाडी तूच चालव, मी मागे त्याच्याजवळ बसेन. गाडीतून त्याला उचलून खुर्चीत बसवायचं काम माझं, ते मी कुणाला करू देणार नाही. फक्त परत येताना मला पुढे तुझ्या शेजारी बसव, आणि गाव येईपर्यंत बोलत राहा. कशाबद्दलही.

अजून रागावलेली,
तुझीच,
कोरल